ग्रंथालयातील मदतनिसांचे जाहीर आभार

पूर्व लॉस एंजेलिसच्या ग्रंथालयात लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलांच्या शेजारी बसून महाविद्यालयीन अर्थसाहाय्याचा ‘फाफ्सा’ अर्ज रकान्यागणिक भरून घेणाऱ्या, आणि उत्पन्नाचा तपशील कुठून काढायचा हे त्यांच्या आईवडिलांना न कंटाळता स्पॅनिशमध्ये समजावणाऱ्या आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरातून प्रथमच कुणी महाविद्यालयात निघाले, की गुणांपेक्षा कागदांवरच अधिक अडते, असे माझे मत आहे. राज्यातील शाळेत किमान तीन वर्षे शिकून शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांना, वास्तव्याचे कागद नसले तरी, स्थानिक दराने शुल्क भरण्याची मुभा कॅलिफोर्नियाच्या २००१ च्या कायद्याने दिली खरी. ती घरोघरी पोहोचवलीत मात्र आपण. लॅटिनो वाचकांना योग्य ग्रंथालयसेवा मिळावी म्हणून ‘रिफॉर्मा’ ही संघटना १९७१ पासून झटते आहे, आणि आपले काम त्याच वाटेवरचे आहे. नावे विचारल्यावर आपण हसून टाळलीत, म्हणून हे आभार निनावीच स्वीकारावेत.