घरगुती उपकरणांच्या खरखरीत बुडणाऱ्या लघुलहरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूर शहरात आणि उपनगरांत गेल्या काही वर्षांत एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, बीएलडीसी पंखे, इन्व्हर्टर आणि आता छतावरचे सौरसंच झपाट्याने वाढले आहेत. वीज वाचते, बिल कमी येते, त्याबद्दल कोणाचीच तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु यांपैकी बरीचशी उपकरणे, विशेषतः स्वस्त आणि बिननावाची, चालू असेपर्यंत रेडिओ लहरींच्या रूपाने खरखर बाहेर टाकत राहतात आणि त्यामुळे ३ ते ३० मेगाहर्ट्झ हा लघुलहरींचा पट्टा दाट वस्तीत जवळजवळ निरुपयोगी होत चालला आहे. या पट्ट्याचा नित्य वापर करणाऱ्या परवानाधारक हौशी रेडिओचालकांपैकी, म्हणजे ज्यांना सर्वत्र हॅम म्हणतात त्यांच्यापैकी, मी एक आहे. हा प्रश्न मूठभर हौशी मंडळींच्या करमणुकीचा आहे असा समज होऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

हॅम होण्यासाठी केंद्रीय दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची परीक्षा द्यावी लागते. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेले कोणीही ती देऊ शकते आणि उत्तीर्ण झाल्यावर व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारे स्वतःचे कॉल साइन, म्हणजे हवेवरचे ओळखचिन्ह, मिळते. आमचा सर्वांत वापरातला बँड (फ्रिक्वेन्सींचा ठरावीक पट्टा) म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, ज्याला लहरीच्या लांबीवरून आम्ही चाळीस मीटर म्हणतो. दिवसा या बँडवरची लहर आकाशात वर जाऊन आयनांबरावरून, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित थरावरून, परतते आणि पुणे, बेळगाव, हुबळी, बंगळूर अशा काहीशे किलोमीटरच्या टप्प्यात उतरते. त्यासाठी मनोरा लागत नाही, उपग्रह लागत नाही, जमिनीखालची केबलही लागत नाही. सुमारे वीस मीटर लांबीची डायपोलची (साध्या अँटेनाची) तार, बारा व्होल्टची बॅटरी आणि शंभर वॅटचा रिग, म्हणजे रेडिओ संच, एवढ्यावर संपर्क होतो. मधले काहीही कोसळले, तरी दोन टोके सुस्थितीत असली म्हणजे पुरे.

याचे मोल कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि शिरोळ तालुक्यातली गावे बेटांसारखी तुटली. वीज गेली की मोबाइलचा मनोरा बॅटरीवर आणि मग डिझेलवर चालतो. डिझेल पोहोचवायला रस्ता नसेल, तर तोही बंद पडतो. २००१ च्या भूज भूकंपात हॅम मंडळींनी संदेशवहन सांभाळले. २००४ च्या डिसेंबरमध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओचे पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली प्रसारणमोहिमेसाठी अंदमानात गेलेले होते. त्सुनामीने बाकीची दळणवळण यंत्रणा कोलमडली, तेव्हा त्यांनी मोहीम तिथेच थांबवून पोर्ट ब्लेअरहून लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवले. हे लघुलहरींवरच शक्य झाले.

आता ही खरखर येते कुठून, ते पाहू. आपल्या घरातला २३० व्होल्टचा प्रवाह एलईडी दिव्याला किंवा चार्जरला जसाच्या तसा चालत नाही. उपकरणातले सर्किट तो आधी एकदिश करते आणि मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हव्या त्या व्होल्टेजवर आणते. आकाराने लहान, वजनाने हलके आणि कमी तापणारे असे हे तंत्र आहे आणि त्यात मुळात दोष काही नाही. मात्र प्रत्येक चालू-बंदच्या तीक्ष्ण कडेतून मूळ कंप्रतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) पटीतल्या असंख्य लहरी निर्माण होतात आणि त्यांची मालिका थेट लघुलहरींपर्यंत पोहोचते. उपकरणातच त्या अडवण्यासाठी विजेच्या वाटेवर एक चोक (तारेचे वेटोळे) आणि दोन-तीन कपॅसिटर बसवायचे असतात, यालाच फिल्टर म्हणतात. ते नसले, तर लहरी घराच्या वायरिंगमध्ये शिरतात आणि भिंतीतली ती सगळी तार अँटेनाचे काम करू लागते.

रस्त्यावर टोपलीत विकायला ठेवलेला एक दिवा मी उघडून पाहिला. आतल्या सर्किटच्या पाटीवर चोक आणि कपॅसिटरच्या जागा व्यवस्थित छापलेल्या होत्या, म्हणजे आराखडा करणाऱ्याने आपले काम चोख केले होते. कपॅसिटरच्या जागा रिकाम्या होत्या आणि चोकच्या जागी तारेचा एक तुकडा डाखलेला होता. काही रुपयांची ही बचत आहे. तिची किंमत मात्र दिवा विकत घेणारा मोजत नाही आणि विकणाराही मोजत नाही. ती मोजतो आजूबाजूला रेडिओ ऐकणारा, ज्याचा त्या व्यवहाराशी काही संबंध नसतो. एकेका नाल्याचे पाणी थोडेसेच म्हणून दुर्लक्षित राहावे आणि पंचगंगा मात्र काळी पडत जावी, तसेच हे आहे.

ही खरखर किती, हे मोजता येते. आमच्या रिगवर एस मीटर, म्हणजे येणाऱ्या लहरीची ताकद दाखवणारा मापक, असतो आणि त्याची एकेक पायरी सहा डेसिबलची मानतात. ज्या घरात पूर्वी चाळीस मीटरवर काटा तिसऱ्या पायरीपाशी विसावत असे, तिथे आज तो आठवीवर असेल, तर मधल्या पाच पायऱ्यांचे तीस डेसिबल होतात, म्हणजे गोंगाटाची शक्ती हजारपट झाली. पूर्वी शंभर वॅटवर जसे स्पष्ट बोलणे ऐकू येई, तसे आज ऐकू यायचे तर समोरच्याला एक लाख वॅट सोडावे लागतील. अर्थात तसे कोणी करू शकत नाही. मग हळूहळू असे होते की, आपण बोललेले शांत गावातल्या माणसाला छान ऐकू जाते, पण त्याचे उत्तर आपल्या गोंगाटात बुडून जाते.

सौरसंचांविषयी अधिक काळजीने लिहावे लागेल, कारण त्यांची लाट आत्ता येत आहे. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे उद्दिष्ट आहे आणि ते पूर्ण व्हावे असेच मलाही वाटते. चांगल्या प्रतीचा सौर इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा) लघुलहरींना कसलाही त्रास देत नाही, हे मी स्वतः तपासून पाहिलेले आहे. पण फिल्टर नसलेला इन्व्हर्टर छतावरच्या दहा-वीस मीटर लांब डीसी तारांना जोडला की, त्या तारा नेमक्या आमच्याच बँडच्या अँटेना बनतात. आमच्या शेजारी असाच एक संच बसला. सकाळी ऊन पॅनेलवर पडले की भुणभुण सुरू होई, ढग आला की तिचा सूर बदले आणि दिवस मावळला की बँड मोकळा होई. शेजारच्या काकांना हे सांगितले, तेव्हा ते कुतूहलाने माझ्याबरोबर गच्चीवर आले. मी हातातला छोटा रेडिओ लावून धरला आणि त्यांनी डीसीचा खटका खाली ओढला. खरखर तत्क्षणी थांबली, आणि लांबवर कोणीतरी मोर्समध्ये पाठवत असलेले संकेत त्या गच्चीवर ऐकू येऊ लागले. काकांनी लगेच संच बसवून देणाऱ्याला फोन लावला. ‘वीज तयार होते ना, मग झालं तर’, एवढेच उत्तर मिळाले. पुढे आम्ही दोघांनी मिळून तारांवर फेराइटच्या (खरखर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्या बसवल्या. त्रास कमी झाला, गेला नाही. जे काम कारखान्यात काही रुपयांत झाले असते, ते छतावर नंतर करायला गेल्यास खर्च कितीतरी अधिक होतो आणि उपाय अर्धवट राहतो.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, तो असा की, पूर आला की वीज जातेच, मग दिवे आणि चार्जरही बंद पडतात आणि बँड आपोआप शांत होतो. हे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. वीज जाते ती पुरात अडकलेल्या गावाची. निरोप घेणारा माणूस ज्या सुरक्षित ठिकाणी बसलेला असतो, तिथे वीज असते आणि खरखरही असते. नेमका क्षीण आवाज ऐकण्याची जबाबदारी त्याच्यावरच असते. दुसरे असे की, हे कौशल्य पेटीत ठेवून ऐनवेळी बाहेर काढण्याचे नाही. रोज सकाळी नेटवर, म्हणजे ठरलेल्या वेळी भरणाऱ्या हॅम मंडळींच्या रेडिओबैठकीत, हजेरी लावणे, कोणत्या वेळी कोणते गाव ऐकू येते हे कानाला ठाऊक असणे, अर्धवट ऐकू आलेला निरोप न चुकता टिपून घेणे, हे सरावानेच येते. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याने अभ्यास करून परवाना मिळवला, पदरमोड करून रिग घेतला आणि पहिल्याच दिवशी त्याला खरखरीखेरीज काहीच ऐकू आले नाही, तर तो महिन्याभरात ते सारे विकून टाकतो. असे होताना मी पाहिले आहे, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

नियम नाहीत असेही नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतील १५.१२ क्रमांकाच्या तरतुदीनुसार, विजेवर चालणाऱ्या कोणत्याही उपकरणामुळे रेडिओसेवेला घातक व्यत्यय येऊ नये यासाठी व्यवहार्य ती सर्व पावले उचलणे सदस्य देशांवर बंधनकारक आहे आणि भारत सदस्य देश आहे. सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून याच कामासाठी आहे. दिव्यांसाठी तिचे १५ क्रमांकाचे मानक आहे, सौर इन्व्हर्टरसाठी ११ क्रमांकाचे, आणि विजेच्या तारांतून बाहेर पडणाऱ्या व्यत्ययाची १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झपर्यंतची मर्यादा त्यांत आखून दिलेली आहे. युरोपीय संघात याविषयीच्या २०१४ च्या निर्देशाची पूर्तता केल्याशिवाय उपकरण बाजारात आणता येत नाही आणि जर्मनीत सरकारी यंत्रणेचे कर्मचारी तक्रारीवरून मोजमाप करायला घरी येतात. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत दिव्यांसाठी आयएस १६१०२ चा पहिला भाग आणि चार्जरसाठी वर्षानुवर्षे आयएस १३२५२ ही मानके राहिली. दोहोंचा रोख शॉक लागू नये, आग लागू नये यावर आहे. तो असलाच पाहिजे. परंतु त्याच नोंदणीच्या वेळी, त्याच प्रयोगशाळेत, व्यत्ययाची चाचणीही सक्तीची करण्यात अशक्य असे काय आहे?

माझी मागणी म्हणून नेमकी आहे. घरगुती दिवे, चार्जर आणि सौर इन्व्हर्टर यांच्या सक्तीच्या नोंदणीत व्यत्ययमर्यादेची चाचणी समाविष्ट करावी, आणि अनुदानातून बसणाऱ्या सौरसंचांपासून तिची सुरुवात करावी, कारण तिथे पैसा सरकारचा असतो आणि यादीही सरकारची असते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाने पूरपूर्व तयारीच्या बैठकांत बोटी, जॅकेट आणि पंप यांच्याबरोबर नियंत्रण कक्षातल्या लघुलहरी संचाचाही विचार करावा आणि त्या कक्षाच्या इमारतीतले दिवे व वीजसंच आधी तपासून घ्यावेत. वीजवाहिन्यांवर तडकलेल्या इन्सुलेटरमुळे किंवा सैल जोडामुळे ठिणग्या पडतात, त्यांची खरखरही आम्हाला दुरून ऐकू येते. अशा ठिकाणाची तक्रार नोंदवून घ्यायला एक स्वतंत्र रकाना वीजवितरण यंत्रणेने ठेवला, तर तिचाही बिघाड वेळीच सापडेल.

वाचकांना स्वतःच्या घरातही हे पाहता येईल. जुना ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर लावावा, आकाशवाणीचे सांगली केंद्र ऐकावे आणि मग तो एकेका दिव्याजवळ, चार्जरजवळ, टीव्हीच्या पेटीजवळ नेऊन पाहावा. ज्या ठिकाणी आवाज खरखरीत गाडला जाईल, ते उपकरण बदलावे, किंवा निदान काम नसताना त्याचा खटका बंद ठेवावा. छतावर सौरसंच बसवून घेणाऱ्यांनी करार करण्यापूर्वी विक्रेत्याकडे इन्व्हर्टरचा सिस्पर ११ चाचणीचा अहवाल मागावा आणि तो देता येत नाही असे उत्तर आले, तर दुसरा विक्रेता पाहावा.

आपला,
एक परवानाधारक हौशी रेडिओचालक,
राजारामपुरी, कोल्हापूर