‘मानवी हात न लागता’ हे अर्धसत्य

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोदामांमधल्या स्वयंचलित वर्गीकरणावर आलेला लेख वाचला. यंत्रांचं वर्णन चांगलं होतं, छायाचित्रंही छान. पण ‘मानवी हात न लागता तासाला दहा हजार पार्सलं आपापल्या वाटेला’ हे वाक्य वाचून आमच्या पाळीतल्या सगळ्यांना हसू आलं. लेख हातोहात फिरला, आणि याला उत्तर तूच लिही असं मला सांगण्यात आलं. म्हणून हे पत्र.

मी एका वितरण केंद्रात रात्रपाळीला असते. सॉर्टिंग हाताने व्हायचं तेव्हापासून तिथे आहे. आता सॉर्टरच्या, म्हणजे वर्गीकरण करणाऱ्या यंत्राच्या, शेवटी जे टेबल असतं तिथली पाळीप्रमुख आहे. मशीनला जे कळत नाही ते सगळं आमच्या टेबलावर येऊन पडतं. कागदोपत्री त्याचं नाव ‘एक्सेप्शन’, बोलताना सगळे त्याला हॉस्पिटल म्हणतात.

लेखात मुख्य यंत्राचं कौतुक आहे, पण त्याच्या आधी काय होतं ते सुटलंय. ट्रकमधून पार्सलं उतरतात ती ढिगाने. त्या ढिगातून एकेक वेगळं काढून, मध्ये ठरावीक अंतर सोडून, लेबल वर येईल असं पट्ट्यावर मांडावं लागतं. याला इंडक्शन म्हणतात. काही केंद्रांत हे कामही कॅमेरे आणि तुकड्यातुकड्यांचे पट्टे करतात. आमच्याकडे, आणि अजून पुष्कळ ठिकाणी, माणसं करतात. पुढे पार्सल एका बोगद्यातून जातं. बोगदा म्हणजे लोखंडी चौकट, तिला वरून आणि बाजूंनी कॅमेरे लावलेले. तिथे बारकोड वाचला जातो, वजन आणि मापं घेतली जातात. नंबर संगणकाकडे जातो आणि कुठल्या चूटमध्ये, म्हणजे त्या त्या मार्गाच्या घसरगुंडीत, टाकायचं त्याचं उत्तर येतं. मग मुख्य सॉर्टर. आमचा क्रॉसबेल्ट आहे, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या छोट्या गाड्या आणि प्रत्येक गाडीवर तिचा स्वतःचा आडवा पट्टा. नेमून दिलेल्या चूटसमोर गाडी आली की तो पट्टा क्षणभर फिरतो आणि पार्सल बाजूला उतरतं. खोक्यांचं काम असतं तिथे बऱ्याचदा शू सॉर्टर असतो, त्यात पट्ट्यावरचे ठोकळे तिरके सरकत येऊन खोकं हलकेच कडेला ढकलतात. कुठे ट्रे कलंडतात. पद्धत कुठलीही असो, सगळ्यांची भिस्त एकाच गोष्टीवर असते: बोगद्यात नंबर वाचला गेला पाहिजे. तो वाचला गेला नाही तर पुढची सगळी यंत्रणा त्या पार्सलापुरती बिनकामाची.

आणि तो का वाचला जात नाही, हे आमच्या टेबलाइतकं कुणालाच माहीत नाही. चकचकीत काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर लेबल सुरकुतलेलं असतं, त्यावर दिव्याची तिरीप येते आणि अर्ध्या रेघा उजेडात विरघळतात. खोक्याच्या कडेवरून लेबल दुमडलेलं असतं, चार रेघा वरच्या बाजूला, बाकीच्या खालच्या. बारकोडच्या दोन्ही टोकांना कोरी जागा लागते, सगळ्यात बारीक रेघेच्या निदान दहापट रुंद. ती नसेल तर बारकोड कुठे सुरू झाला हेच स्कॅनरला समजत नाही. पाठवणाऱ्याला मात्र ती फुकट गेलेली जागा वाटते आणि तो तिथे फुलाची चौकट छापून ठेवतो. कुणी कौतुकाने लाल शाईत बारकोड छापतं. लाल प्रकाशाच्या स्कॅनरला लाल रेघा पांढऱ्या कागदासारख्याच दिसतात, म्हणजे त्याच्या लेखी लेबल कोरं. कुणी लेबल निघू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी ओढतं. थर्मल, म्हणजे उष्णतेने छपाई उमटणाऱ्या, कागदावर ती चकाकते, आणि तिच्या गोंदाने काही दिवसांत छपाई फिकी पडते ते वेगळंच. आणि जुनं खोकं पुन्हा वापरलं, जुनं लेबल तसंच ठेवलं, तर बोगद्याला दोन नंबर मिळतात. दोन मालक सांगणारं पार्सल मशीन सरळ आमच्याकडे पाठवतं. त्यात त्याचं काही चुकत नाही.

यातला माझा सगळ्यात नावडता प्रकार प्रिंटरचा. लेबल छापणाऱ्या थर्मल प्रिंटरच्या हेडवर तापणाऱ्या बारीक ठिपक्यांची एक ओळ असते. त्यातला एक ठिपका जळाला की प्रत्येक लेबलवर त्याच जागी एक पांढरी रेघ उमटते. ही रेघ बारकोडच्या रेघांना छेदून गेली तर काही बिघडत नाही, वरखाली रेघा शिल्लक असतात आणि स्कॅनर तेवढ्यावर काम भागवतो. पण ती बारकोडच्या रेघांना समांतर पडली तर एखादी बारीक रेघ अख्खीच्या अख्खी पुसली जाते आणि बारकोड मेला. म्हणजे लेबल नव्वद अंशांनी फिरवून छापलं असतं तरी वाचलं असतं! असा एक प्रिंटर कुठल्या तरी विक्रेत्याकडे सुरू असला की त्याची त्या दिवसाची सगळी पार्सलं रांगेने आमच्याकडे येतात. आम्ही हाताने नंबर टाइप करून नवी लेबलं लावतो. विक्रेत्याला मात्र कुणी कळवत नाही, कारण कळवण्याचं काम कुणाच्याच यादीत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

लोकांचा एक समज असतो की मशीन बारकोड चुकीचा वाचतं आणि पार्सल भलत्या ठिकाणी जातं. तसं फार क्वचित होतं. पार्सलांवर सर्रास दिसणारा कोड १२८ हा बारकोड १९८१ साली आला. त्याच्या शेवटी पडताळणीचं एक चिन्ह असतं, जे आधीच्या सगळ्या चिन्हांवरून हिशेबाने काढलेलं असतं. हिशेब जुळला नाही तर स्कॅनर ‘वाचता आलं नाही’ म्हणून मोकळा होतो, अंदाजाने नंबर देत नाही. पार्सल भरकटतं ते वाचल्यानंतर. बोगदा ओलांडल्यावर बहुतेक ठिकाणी संगणकाला पार्सल ‘दिसत’ नसतं. पट्टा किती सरकला हे तो एन्कोडरच्या, म्हणजे पट्ट्याची हालचाल मोजणाऱ्या उपकरणाच्या, टिकटिकीवरून मोजत असतो, वाटेत मधूनमधून एखादा प्रकाशकिरण अडला की खातरजमा करून घेतो, आणि त्यावरून पार्सल आता इथे असेल असं धरून चालतो. गुंडाळलेल्या चित्राची गोल नळी मधल्या पट्ट्यावर थोडी मागे घरंगळली की हा सगळा हिशेब कोसळतो. एखादं पातळ पाकीट मोठ्या खोक्याच्या डोक्यावर बसून येतं, बोगद्याला दोघं एकच वाटतात आणि पाकीट खोक्याबरोबर परगावी रवाना होतं. ही चूक आमच्या हॉस्पिटलात येतही नाही. ती दोन दिवसांनी दुसऱ्या केंद्रात उघडकीला येते आणि आमच्या केंद्राच्या आकडेवारीत वर्गीकरण ‘यशस्वी’ म्हणून नोंदलेली असते.

आता आपल्या लेखातला दहा हजारांचा आकडा घेऊ. शंभरातले अठ्ठ्याण्णव बारकोड वाचले गेले असं समजा. ऐकायला उत्तम. उरलेले दोन टक्के म्हणजे तासाला दोनशे पार्सलं, दर अठरा सेकंदांना एक. प्रत्येकासाठी पार्सल फिरवून लेबल शोधायचं, जुनं झाकायचं, नंबर टाइप करायचा, पत्ता ताडून बघायचा, नवं लेबल लावून पुन्हा इंडक्शनला द्यायचं. अठरा सेकंदांत एका माणसाकडून हे होत नाही, कुणी करून दाखवलं तर मी त्याच्या हाताखाली काम करायला तयार आहे. एक टक्का इकडेतिकडे झाला की तासाला शंभर पार्सलांचा फरक पडतो, म्हणजे आमच्या टेबलावर एक माणूस जास्त किंवा एक माणूस कमी. म्हणून माझं म्हणणं असं की तासाला किती पार्सलं फिरली हा आकडा छापताना पहिल्या फेरीत वाचली किती गेली हेही छापावं. पहिला आकडा यंत्र विकणाऱ्याच्या माहितीपत्रकातला असतो. दुसरा आम्ही रोज रात्री जगतो.

कारण न वाचलेली पार्सलं नुसती आमच्याकडे साचत नाहीत. क्रॉसबेल्टसारखा सॉर्टर गोल फिरणारा असतो. चूट भरली असेल किंवा नंबर मिळाला नसेल तर पार्सल उतरत नाही, आणखी एक फेरी मारतं. ते फिरतं तोवर त्याने एक गाडी अडवलेली असते. गर्दीच्या दिवसांत एकदोन चूट वेळेवर रिकाम्या केल्या नाहीत की फेऱ्या मारणाऱ्यांची संख्या वाढते, इंडक्शनला रिकाम्या गाड्या मिळेनाशा होतात, आणि एक वेळ अशी येते की सॉर्टर पूर्ण वेगाने फिरतोय पण काही उतरत नाही आणि काही चढत नाही. पाहुण्यांना तो फार कामात दिसतो.

हा धडा जगाने मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या नव्या विमानतळावर सामानाच्या स्वयंचलित वर्गीकरणाची प्रचंड यंत्रणा बसवली होती. ती नीट चालेना, हे विमानतळाचं उद्घाटन १६ महिने लांबण्याचं मोठं कारण ठरलं. शेवटी १९९५ साली विमानतळ उघडला. यंत्रणा ठरल्यापेक्षा फार लहान भागात वापरली गेली आणि २००५ मध्ये तीही सोडून दिली. तिथल्या अडचणी वाचल्या तेव्हा मला ओळखीच्या वाटल्या: लेबलं वाचली जात नव्हती, आणि जिथे रिकाम्या गाड्या हव्यात तिथे त्या वेळेवर पोचत नव्हत्या.

उलट टपालखात्यांनी माणूस कुठे लागतो हे आधीच ओळखलं होतं. १९३० मध्ये रॉटरडॅमला पत्रांच्या वर्गीकरणाचं ट्रान्सॉर्मा नावाचं यंत्र बसलं, त्यावर माणसं बसून पत्ता वाचायची आणि कळा दाबायची. वाहून नेण्याचं काम तेवढं यंत्राचं. अमेरिकेत १९६३ साली आपल्या पिनकोडसारखा झिप कोड आला. नंतर यंत्रं पत्ते वाचू लागली तरी न वाचता आलेल्या पत्त्यांची छायाचित्रं दूरच्या केंद्रांत पडद्यावर माणसांपुढे जायची. १९९० च्या दशकात अशी ५० हून अधिक केंद्रं होती. हस्ताक्षर ओळखणारी संगणकप्रणाली सुधारत गेली तशी ती बंद होत गेली. यंत्र शिकतं हे मी नाकारत नाही. पण ते शिकत असताना उरलेलं काम कोण करतंय, हे त्यांनी निदान उघडपणे मोजलं होतं.

हाताने सॉर्टिंग परत यावं असं मला मुळीच वाटत नाही. ते दिवस मी काढलेत. शेकडो मार्गांचे क्रमांक पाठ, ओणवं राहून कंबर मोडलेली, आणि एक जाणता माणूस रजेवर गेला की अर्ध्या पाळीचा गोंधळ. सॉर्टरने ते ओझं उतरवलं, त्याबद्दल मी त्याला दुवाच देते. पण तेव्हा हाताचा वेग आमचा होता. आता इंडक्शनवर उभ्या राहणाऱ्या मुलींचा वेग पट्टा ठरवतो. समोरून रिकामी जागा येतेय ती भरायची, नाही भरली तर डोक्यावरच्या फलकावरचा आकडा खाली येतो. सगळं अंग एका कुशीवर वळवून तेच वजन तासन्‌तास उचललं जातं. दर तासाला जागा बदलून दिली, इंडक्शनवरून चूटवर आणि चूटवरून टेबलावर, तर खांदे वाचतात, आणि सगळ्यांना सगळं काम येतं. यात खर्च काहीच नाही, फक्त पाळी सुरू होताना कुणीतरी कागद घेऊन बसावं लागतं. आमच्याकडे हे एका वरिष्ठांनी सुरू केलं, त्यांची बदली झाली आणि ते बंद पडलं.

जाता जाता पार्सल पाठवणाऱ्यांनाही सांगून ठेवते: लेबल सगळ्यात मोठ्या सपाट बाजूवर लावा, जुनं पूर्ण काढा, वर चिकटपट्टी नको, आणि गोल वस्तू चौकोनी खोक्यात घाला.

व्यवस्थापनांना मागणं एवढंच. डोक्यावरच्या फलकावर तासाच्या आकड्याशेजारी न वाचलेल्यांचा आकडा लावा, म्हणजे दोष लेबलचा, प्रिंटरचा की माणसाचा हे त्याच रात्री कळेल आणि विक्रेत्याला फोन करण्याचं काम कुणाच्या तरी नावावर पडेल. आणि पट्ट्याशेजारी जी तातडीने थांबवायची दोरी असते, ती ओढणाऱ्याकडून लेखी खुलासा मागणं बंद करा. पट्टा थांबला की किती पार्सलं चुकली हे लगेच मोजलं जातं. त्या खुलाशाच्या धाकाने कुणी दोरी ओढायला दोन सेकंद उशीर केला आणि बाही पट्ट्यात अडकली, तर ते कुठल्या फलकावर दिसणार?

नोकरीत असल्यामुळे कृपया नाव आणि ठिकाण छापू नये.

आपली,
एक वाचक
(पाळीप्रमुख, वितरण केंद्र)