‘ते बाहेर जाते’ म्हणजे नेमके कोण जाते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘जीवशास्त्र म्हणजे निव्वळ पाठांतर. लेखी प्रश्न काढून टाका आणि सगळा पेपर बहुपर्यायी प्रश्नांचा करा,’ असे हल्ली पालक म्हणतात, माझे काही सहकारी शिक्षकही म्हणतात. मी २६ वर्षे हा विषय शिकवते आहे आणि त्यातली १९ वर्षे पेपर तपासते आहे. मला हे अजिबात पटत नाही. का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

एकच प्रश्न घेते. ‘बटाट्याची फोड मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवल्यास मऊ पडते. शास्त्रीय कारण लिहा.’ गुण ३. गठ्ठ्यातल्या निम्म्याअधिक उत्तरपत्रिकांत पहिली आणि शेवटची ओळ असते, ‘कारण परासरण होते.’ परासरण हे त्या घटनेचे, म्हणजे पेशीच्या पातळ पटलातून पाणी जास्त मीठ असलेल्या बाजूकडे जाण्याचे, नाव झाले. कारण अजून सांगायचेच आहे. काही मुले परासरणाची व्याख्या लिहितात, निवडक्षम पारपटलासकट (पाण्याला जाऊ देणारे, पण मिठाला अडवणारे पटल) अक्षर न अक्षर बरोबर, पण तिच्यात बटाटा कुठेच नसतो. आणि पुष्कळ मुले लिहितात, ‘ते बाहेर जाते म्हणून फोड मऊ होते.’

ते म्हणजे कोण? मराठीत पाणी ते, मीठ ते, द्रावण ते आणि पटलही ते! लिहिणाऱ्याच्या मनात पाणी असेल, पण कागदावर ते कुठे उतरले आहे? म्हणून माझ्या वर्गात जीवशास्त्राच्या उत्तरात ‘ते’ लिहायला बंदी आहे. नाम पुन्हा लिहा, दहा वेळा लिहा. भाषेच्या पेपरात ही पुनरुक्ती खटकेल, इथे ती हवीच. ही बंदी घातली तेव्हा गुण वाढतील एवढीच माझी अपेक्षा होती. झाले भलतेच. मुले लिहिता लिहिता थांबू लागली आणि विचारू लागली, ‘बाई, मीठ आत जातं की पाणी बाहेर येतं?’ इतके दिवस ‘ते’च्या आड लपलेली शंका अशी उघड्यावर आली. पर्यायी प्रश्नात तीच शंका एक गोल काळा करून झाकली गेली असती, आणि गोल बरोबर आला असता तर कायमची.

याच प्रश्नाला एका मुलीने लिहिलेले उत्तर मला आजही जवळजवळ पाठ आहे. (त्यातली रिक्तिका म्हणजे पेशीच्या आतली पाण्याने भरलेली पिशवी आणि पेशीभित्तिका म्हणजे पेशीचे बाहेरचे कडक आवरण.) ‘बाहेर मीठ जास्त आहे म्हणून बाहेर त्या मानाने पाणी कमी आहे. बटाट्याच्या पेशीतले पाणी पटलातून बाहेर येते. रिक्तिकेतले पाणी कमी झाले की ती आकसते. आधी ती पेशीभित्तिकेला आतून दाबत होती, आता दाबत नाही. सायकलच्या ट्यूबमधली हवा गेल्यावर टायर असतो पण मऊ लागतो, तसे.’ पाण्याचे प्रमाण, पाण्याची दिशा, रिक्तिका, दाब, मऊपणा. एकही पायरी गाळलेली नाही. उत्तरात ‘परासरण’ हा शब्द मात्र नव्हता. आदर्श उत्तरपत्रिकेत त्या शब्दाला १ आणि व्याख्येला १ गुण राखून ठेवला होता. मी नियामकांकडे, म्हणजे तपासणीवर देखरेख करणाऱ्यांकडे, गेले. ‘आदर्श उत्तराच्या बाहेर जाऊ नका,’ एवढेच मला सांगण्यात आले. तिला १ गुण मिळाला. त्याच गठ्ठ्यात बटाट्याचा उल्लेखही नसलेल्या व्याख्येला २ मिळाले. खाली सही माझी आहे, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

लेखी उत्तरात एकेक क्रियापदसुद्धा किती बोलते, याचीही उदाहरणे रोज दिसतात. ‘जास्त तापमानाला विकरे मरतात,’ असे लिहिणाऱ्या मुलाला विकर (एन्झाइम) हा सजीव वाटतो आहे. विकर हे बहुतेक वेळा प्रथिन असते. उष्णतेने त्याच्या घड्या उलगडतात, क्रियाशील जागेचा आकार बिघडतो आणि ज्या रेणूवर काम करायचे तो तिथे बसत नाही. थंडीत मात्र विकराचे काम फक्त मंदावते, ऊब दिली की पुन्हा सुरू होते. ‘मरतात’ लिहिणाऱ्याला हा फरक सांगताच येणार नाही, कारण त्याच्या लेखी विकर थंडीतही मरतच असणार.

आणखी एक शब्द ‘सवय’. ‘प्रतिजैविकाचा वापर वाढल्यामुळे जिवाणूंना त्याची सवय होते.’ हे वाक्य इतके सहज येते की परीक्षकही बरोबरची खूण करून पुढे जातात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या खुद्द अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेचा धोका सांगताना, पेनिसिलिनला तोंड द्यायला जंतूंना ‘शिकवण्या’ची भाषा वापरली होती. व्याख्यानात ती चालते. उत्तरात चालत नाही, कारण एकेका जिवाणूला ना सवय होते, ना तो काही शिकतो. १९५२ साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या शास्त्रज्ञ दांपत्याने पेट्री डिशमध्ये (जिवाणू वाढवायच्या चपट्या बशीत) वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहतींवर, म्हणजे ठिपक्यांसारख्या समूहांवर, मखमलीचे कापड दाबले आणि तोच ठसा औषध घातलेल्या अनेक पेट्री डिशवर उमटवला. प्रत्येक डिशमध्ये त्याच त्या जागी वसाहती वाढल्या. म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या पेशी मूळ डिशमध्ये औषध भेटण्याआधीच होत्या. औषधाने बाकीच्या मारल्या, या उरल्या आणि यांचीच संख्या वाढली. ‘काहींमध्ये उत्परिवर्तन (जनुकातला बदल) आधीच झालेले होते’ एवढे लिहिणारा मुलगा नैसर्गिक निवड समजलेला असतो. हा प्रयोग मी वर्गात फळ्यावर दोन वर्तुळे काढून, ओल्या फडक्याने खडूचे ठिपके उचलून दाखवते. त्यानंतर ‘सवय’ बरीच कमी होते.

‘वर्णन करा’ आणि ‘स्पष्ट करा’ यांची गल्लत तर नेहमीचीच. तापमानानुसार विकराच्या कामाचा वेग दाखवणाऱ्या आलेखाचे वर्णन विचारले असेल तर वेग किती अंशांपर्यंत वाढला आणि कुठून उतरला, हे आकडे आणि एकके घालून लिहायचे. कारण विचारल्यावरच द्यायचे.

मुलांचे मी एवढे सांगितले, पण माझी खरी विनंती पेपर काढणाऱ्यांना आणि आदर्श उत्तरे ठरवणाऱ्यांना आहे. शब्दांना गुण वाटू नका, पायऱ्यांना वाटा. ‘परासरण’ला जरूर गुण द्या, पण तो शब्द न लिहिता जिने पाण्याची वाट पेशीच्या आतून बाहेरपर्यंत बरोबर दाखवली, तिचे बाकीचे गुण कापण्याची मुभा कुणालाच नको. आदर्श उत्तरपत्रिकेच्या तळाशी ‘स्वतःच्या शब्दांत दिलेले योग्य स्पष्टीकरण ग्राह्य धरावे’ ही ओळ छापा, आणि तपासणीआधीच्या बैठकीत अशी दोन-तीन उत्तरे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून त्यांना किती गुण द्यायचे ते ठरवा. आपल्या शिक्षणविषयक पानावरही अशी उत्तरे, नाव न देता, अधूनमधून छापता आली तर मुलांना ती पाहायला मिळतील. टायरचे उत्तर मी पहिले म्हणून पाठवायला तयार आहे. ते लिहिणारी मुलगी कोण, हे मला कधीच कळणार नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नसते. तिच्या वाचनात हे आले, तर तिचे उत्तर बरोबर होते, हे तिला समजावे.

आपली,
जीवशास्त्राची एक शिक्षिका