स्पॅनिश शिकवा, पण मराठीतून

संपादक महोदय,

पुण्यातल्या काही इंग्रजी शाळांत हल्ली जर्मन-फ्रेंचच्या जोडीला स्पॅनिशपण असते, माझ्या मुलीने आठवीत तीच घेतलीये. भाषेला विरोध अजिबात नाही, स्पेनपासून पार मेक्सिको-अर्जेंटिनापर्यंत चालते म्हटल्यावर चांगलंच आहे की. तक्रार आहे ती सगळं इंग्रजीतून शिकवतात याची, त्याने सोपी गोष्ट उगाच अवघड होऊन बसते.

परवा ती 'आय लाइक मँगो'चं स्पॅनिश करताना आधी 'यो' म्हणजे 'मी' टाकत होती आणि वहीत लाल फुल्या. आता 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे सरळ 'मला आंबा आवडतो', आणि आंबे जास्त झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात, क्रियापद आंब्याच्या मागे जातं, माझ्या नाही. मराठी पोराला हा नियम वेगळा शिकवायची गरज आहे का हो? तेच लिंगाचं. स्पॅनिशमध्ये टेबल स्त्रीलिंगी कसं हे इंग्रजीतून समजावत बसतात, आपल्याकडे खुर्ची ती आणि पलंग तो यात कुणाला नवल वाटतं? (कुठला शब्द कुठल्या लिंगाचा हे मात्र घोकावंच लागतं, त्यातून सुटका नाही.) उच्चारांचं तर विचारूच नका, तिकडचे त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे, तरी मुलं 'ताको' या मेक्सिकन पदार्थाला खुशाल 'टाको' म्हणतात आणि कोणी टोकत नाही.

आणि संस्कृती म्हणजे काय, तर पुठ्ठ्याच्या मेक्सिकन टोप्या आणि नाचोज! १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत घरोघरी गेलेल्या माणसांचे फोटो मांडून त्यांच्या आवडीचं खायला ठेवतात, झेंडूची आरास करतात, हे सांगा ना, पितृपक्ष पाहिलेल्या मुलांना पटकन कळेल. आपला दसऱ्याचा झेंडू मूळचा तिकडचाच.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, म्हणजे वर्गात थोडंफार मराठी सगळ्यांनाच येतं. मग बालभारतीने किंवा एखाद्या प्रकाशकाने मराठीच्या आधाराने स्पॅनिशची एक पातळशी पुस्तिका काढायला काय हरकत आहे? आणि तोवर निदान स्पॅनिशच्या तासाला मराठी बोललं म्हणून मुलांना ओरडू नका.

- एक पालक, कोथरूड, पुणे