चार नंबरचं पुस्तक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतल्या 'सध्या काय वाचताय?' या पानावर 'पुणेकर काय वाचतात' या मथळ्याखाली बारा मान्यवरांनी एकेक पुस्तक सुचवलं होतं. ते वाचून रविवारीच राग आला होता. सणासुदीचं पान आहे, जाऊ दे म्हटलं आणि गप्प बसले. सोमवारी संध्याकाळी जे झालं त्यानंतर मात्र लिहिल्याशिवाय राहवेना.

मी पेठेतल्या एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. यंदा १९ वर्षं झाली. असं पान छापून आलं की दुसऱ्या दिवशी माणसं कात्रण घेऊन येतात. परवा सगळ्यात आधी आल्या त्या तीन घरी पोळ्या करणाऱ्या आमच्या एक सभासद. पर्समधून कात्रणाची घडी काढली, टेबलावर तळहाताने सपाट केली आणि म्हणाल्या, "ताई, हे चार नंबरचं द्या. आयुष्य बदलतं म्हणे वाचून." चार नंबरचं पुस्तक इंग्रजी आहे. तुम्ही नाव देवनागरीत छापलंत आणि ते इंग्रजी आहे हे कुठेच सांगितलं नाहीत. त्यांना ते मराठीच वाटलं. "मग सात नंबरचं?" तेही इंग्रजी. अकरा नंबरचं मराठी आहे, पण त्याची नवी आवृत्ती कित्येक वर्षांत निघालेली नाही आणि आमची प्रत पानं सुटून कपाटात पडली आहे. त्यांनी कात्रणाची पुन्हा घडी केली. "मलाच कळलं नाही बघा," म्हणाल्या. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. चूक त्यांची नव्हती, संपादक महाशय, तुमची होती.

मान्यवरांनी इंग्रजी वाचू नये असं माझं म्हणणं नाही. ज्याने त्याने हवं ते वाचावं. पण बारा जणांच्या मजकुरात 'अंतर्मुख करणारं', 'समृद्ध करणारं', 'प्रत्येकाने वाचावं' यापलीकडे काय आहे? पुस्तकातली माणसं कोण, कुठली, त्यांचं काय होतं, यातलं एक अक्षर नाही. प्रकाशक नाही, किंमत नाही. अशी शिफारस घेऊन माणसाने अप्पा बळवंत चौकात गेलं तरी दुकानदाराला विचारायचं काय?

त्या बाईंना मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' दिलं. १९३४ पासून चार भागांत आलेलं पुस्तक, आज नव्वद वर्षं झाली. मी त्यांना एवढंच सांगितलं की ही बाई शाळेत गेली नव्हती, नवऱ्याने घरी लिहायला-वाचायला शिकवलं, पुढे नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यांनी तिथेच उभ्याने दोन पानं वाचली. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड सुरुवातीलाच येतं. वाचता वाचता त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाई डिट्टो अशाच." कार्डावर सही करून पुस्तक घेऊन गेल्या. परत कधी आणतील, आवडेल का, ते पुढचं पुढे.

लोक काय वाचतात ते आमच्या मागणी वहीत लिहिलेलं असतं. सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा इरावती कर्व्यांचं महाभारतातल्या माणसांवरचं 'युगान्त' दुसऱ्यांदा घेऊन गेलाय. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार कोणत्या पुस्तकाला, एवढं पाठ करायला म्हणून त्याने ते पहिल्यांदा उघडलं होतं. नंतर मला विचारत होता, कुंतीवर आणखी काही आहे का. दिवाळी अंकांच्या योजनेत पैसे भरलेले आजोबा होळीपर्यंत एकेक अंक बदलून नेतात आणि कुठली कथा सोडू नका ते मागच्या माणसाला सांगून जातात. यांच्यापैकी एकालाही तुमच्या बातमीदाराने विचारलं नाही. ज्या शहरात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे 'पुणेकर काय वाचतात' या मथळ्याखाली एकाही वाचनालयाचा उंबरा कोणी ओलांडू नये?

जाता जाता आणखी एक. पुरवणीतलं 'साभार पोच' हे सदर तुम्ही बंद केलंत. छोटं होतं, पण पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत एवढं एका ओळीत मिळायचं. आमची खरेदीची यादी त्यावरून व्हायची. गावोगावचे छोटे प्रकाशक आम्हाला त्या सदरातूनच कळायचे. त्या जागी आता राशिभविष्याचा दुसरा स्तंभ आलाय. पहिला आधीच पान दोनवर असतो.

येत्या रविवारी निदान एवढी दुरुस्ती छापा, की त्या बारांतली कोणती पुस्तकं मराठीत आहेत आणि कोणती बाजारात मिळतात. छापलंत तर कात्रण मी सूचना फलकावर लावीन. सोमवारी पाच वाजता आमचं टेबल उघडतं, आणि माणसं पावणेपाचपासून जिन्यात उभी असतात.

आपली नम्र,
एक ग्रंथालय कर्मचारी, पुणे ३०