तुझ्या डाव्या हाताविषयी

नागपूर, १८ मे

चि. ओवी हिस अनेक आशीर्वाद.

तू अमरावतीला आजोळी गेल्यापासून घर शांत आहे. तुझ्या तबल्याला मात्र ही शांतता मानवलेली दिसत नाही. पारा ४५ अंशांवर गेला आणि कोरड्या हवेने पुडी (वरचे कातडे) ताणून त्याचा स्वर चांगलाच वर चढला. मग दुपारी कूलरच्या खोलीत ठेवला, तर ओलसर वाऱ्याने संध्याकाळपर्यंत तो सैल पडला. आता तो कापडात गुंडाळून आतल्या खोलीत ठेवला आहे. पुडीच्या कडेला विणलेल्या गजऱ्यावर वरून ठोकले की स्वर चढतो आणि खालून ठोकले की उतरतो, एवढे मला ठाऊक आहे. पण लहानपणी माझी हातोडी घसरून एक पुडी फाटली होती, म्हणून ते काम तुझ्या सरांसाठी राखून ठेवले आहे.

आता तुझ्या मागणीविषयी. तीन महिने ‘धाधातिट धाधातिंना’ हा एकच कायदा, म्हणजे बोलांचा एकच ठरलेला पाठ, चालू आहे, म्हणून तबला सोडून ड्रमसेट घ्यावा, असे तू फोनवर म्हणालीस. मला त्याचा राग आला नाही. उजवा पाय बास ड्रमच्या पेडलवर, डावा हाय-हॅटच्या (झांजांच्या जोडीच्या) पेडलवर आणि दोन्ही हातांत काड्या, अशी चार कामे एकाच लयीत करावी लागणारे वाद्य सोपे कसे म्हणावे? शिवाय या दोन वाद्यांचे वैर नाही. ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडचे ड्रमवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे शिकले होते, आणि पुढे त्यांनीच उस्तादांचे चिरंजीव झाकिर हुसेन यांच्याबरोबर केलेल्या ‘प्लॅनेट ड्रम’ला ग्रॅमी मिळाले.

माझी अडचण तुझ्या डाव्या हाताची आहे. तुझा उजवा हात पुडीची कड म्हणजे चाट, मधली लव, काळी शाई सगळे ओळखून चालतो. डावा मात्र डग्ग्यावर, म्हणजे जोडीतल्या खर्जाच्या वाद्यावर, पाहुण्यासारखा बसलेला असतो, बोलावले की येतो आणि तोही थोडा उशिराच. त्रितालाच्या सोळा मात्रा आठव. सरांनी वहीत लिहून दिलेल्या ठेक्यात दहाव्या मात्रेच्या ‘तिं’पासून तेराव्या मात्रेच्या ‘ता’पर्यंत डग्गा गप्प असतो आणि चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’वर परत येतो. गाणाऱ्याला पुढची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जवळ आल्याची चाहूल त्या परतण्याने लागते. तुझा डग्गा तिथे अर्धी मात्रा मागे राहतो, आणि ती चूक झाकायला तू लय वाढवतेस.

हे मी एवढे ठामपणे सांगतो, कारण मी स्वतः तेच करत असे. चौदा वर्षांचा असताना महालातल्या आमच्या वाड्यात गुरुवारच्या भजनाला मला साथीला बसवले होते. केहरव्याच्या आठ मात्रा, त्यात काय कठीण, असे वाटून मी निघालो आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत टाळकऱ्यांना धाप लागली. पेटीवर बसलेल्या काकांनी एक शब्दही न बोलता, भाता सोडून, डावा तळहात माझ्या डग्ग्यावर ठेवला. आवाज थांबला, सगळे माझ्याकडे पाहू लागले, आणि त्यांनी मान हलवून पुन्हा संथ सुरुवात करून दिली. आईने नंतर शिरा दिला, तो मी खाल्ला नाही. (खरे तर रात्री उठून खाल्ला.)

ड्रमवर हा हात लपवता येणार नाही, कारण तिथे उजवी-डावी-उजवी-डावी अशा सलग काड्या पडतात आणि चारांतली एक जरी दबली तरी लंगडेपणा लगेच ऐकू येतो. म्हणून यंदा ड्रमसेट नाही. आपल्या फ्लॅटच्या भिंतींना आणि खालच्या आजोबांनाही तो सोसणार नाही. त्याऐवजी सीताबर्डीवरून रबरी सरावाचा पॅड आणि काड्यांची एक जोडी आणू. मेट्रोनोम (लयीचे टिकटिक यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून रोज दहा मिनिटे पॅडवर, प्रत्येक वेळी डाव्या हाताने सुरुवात करून, आणि मग तबल्यावर अर्धा तास. दिवाळीपर्यंत डग्ग्यावर मनगट घासून ‘गे’ या बोलाची मींड, म्हणजे घसरता स्वर, स्वच्छ निघाली, तर ड्रमच्या शिक्षकांकडे मी स्वतः तुला घेऊन जाईन. कायद्याचा पुढचा पलटा, म्हणजे त्याच बोलांची नवी फिरवणी, कधी द्यायचा, ते मात्र सर ठरवतील. त्यात मी पडणार नाही.

येताना आजीकडची जुनी चुंबळ मागून आण. आपल्या डग्ग्याची उंदराने कुरतडली आहे, आणि तूर्त तो तुझ्या शाळेच्या ओढणीच्या वेटोळ्यावर बसला आहे.

तुझा,
बाबा