तिघींना मिळून एकच कॉम्प्युटर

प्रिय दादा आणि वहिनी,
सप्रेम नमस्कार.

दादा, मनूनं मैत्रिणींबरोबर प्रोग्रॅमिंगच्या सांघिक स्पर्धेत उतरावं की एकटीनं प्रोग्रॅमिंगच्याच ऑलिम्पियाडची तयारी करावी, असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही. इथल्या हायस्कूलच्या मुलांच्या स्पर्धेत मी मदतीला जातो, त्यामुळे हे सगळं जवळून बघतोय. माझं मत स्पष्ट आहे: तिला संघात जाऊ दे.

१९८९ साली बल्गेरियात सुरू झालेलं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड ज्याचं त्यानं एकट्यानं सोडवायचं असतं, आणि तिथं अपुऱ्या उत्तरालाही थोडे गुण मिळतात. सांघिक स्पर्धा बऱ्याचदा आयसीपीसी या कॉलेजच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग स्पर्धेच्या धर्तीवर असतात. तिघांचा संघ, कॉम्प्युटर एकच. आयसीपीसीत वेळ पाच तास, शाळकरी मुलांना अनेकदा कमी. लिहिलेला प्रोग्रॅम परीक्षकांच्या सगळ्या गुप्त टेस्ट पास झाला तरच प्रश्न सुटला, नाहीतर शून्य.

खरी मेख त्या एका कॉम्प्युटरमध्ये आहे. एक जण टाइप करत असताना बाकीच्या दोघांना कागदावरच विचार करावा लागतो. समजा, एक लाख आकड्यांमधून ठरावीक बेरीज देणारी जोडी शोधायची आहे. प्रत्येक जोडी तपासायची म्हटली तर सुमारे ५०० कोटी जोड्या होतात. सेकंदाला १० कोटी साध्या क्रिया धरल्या तरी ५० सेकंद लागणार, आणि प्रोग्रॅमला उत्तर काढायला मुदत असते एखाद-दोन सेकंदांची. आकडे आधी चढत्या क्रमानं लावून दोन्ही टोकांकडून आत सरकत गेलं, तर हेच काम साधारण वीस लाख क्रियांत उरकतं. एकटा मुलगा पहिली युक्ती सुचताच टाइप करायला बसतो. संघात शेजारचा म्हणतो, ‘थांब, हे वेळेत बसणार नाही.’ हे ऐकून घेण्याची सवय मला फार मोलाची वाटते.

क्रमालाही महत्त्व आहे. दोन संघांनी सारखेच प्रश्न सोडवले, तर ज्याचा एकूण वेळ कमी तो वर. प्रत्येक प्रश्नाचा वेळ स्पर्धा सुरू झाल्यापासून मोजतात. एक प्रश्न दहा मिनिटांचा आणि दुसरा तासाभराचा असेल, तर सोपा आधी सोडवल्यास १० आणि ७० मिळून ८० मिनिटं होतात. उलट केलं तर ६० आणि ७०, म्हणजे १३०! शिवाय सुटलेल्या प्रश्नासाठी आधी जितक्या वेळा चुकीचं उत्तर पाठवलं, त्या प्रत्येकाचा २० मिनिटं दंड. म्हणून समंजस संघ उत्तर फेटाळलं गेलं की प्रोग्रॅमची छापील प्रत घेऊन चूक कागदावर शोधतात आणि कॉम्प्युटर दुसऱ्याला देतात.

वहिनी, एकीच्या जिवावर बाकीच्या पुढे जातील, ही तुमची शंका रास्त आहे. पण इथल्या एका संघातल्या मुलानं जवळजवळ काहीच टाइप केलं नव्हतं. तो प्रश्न बारकाईनं वाचायचा आणि आडवळणाची उदाहरणं काढायचा: यादीत एकच आकडा असेल तर? सगळे सारखे असतील तर? त्याच्यामुळेच त्यांची कितीतरी चुकीची उत्तरं पाठवायची टळली. मनूला तर अशा फटी शोधायची लहानपणापासून हौस आहे.

एकट्यानं तयारी करू नये असं नाही. आलेख (म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची जाळी), डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (छोट्या भागांची उत्तरं जपून ठेवून मोठा प्रश्न सोडवणं), शोधाच्या पद्धती हा अभ्यास दोन्हीकडे सारखाच, आणि तो ज्याचा त्यालाच करावा लागतो. पण सराव मात्र तिघींनी एकत्र बसून, एकाच कॉम्प्युटरवर आणि घड्याळ लावून करावा. वेगवेगळ्या लॅपटॉपवर केलेला सराव तिथं उपयोगी पडत नाही. टाइप करायला कोण कधी बसणार, हे त्यांनी आधीच बोलून ठेवावं. ऐन स्पर्धेत त्यावरून रुसवेफुगवे होतात.

जुन्या स्पर्धांचे काही प्रश्न निवडून ईमेलनं पाठवतोय. सोपे-अवघड मुद्दाम सांगत नाही, ते त्यांचं त्यांनी ओळखायचं. पहिला सराव झाला की मनूला फोन करायला सांग. कुठला प्रश्न आधी घेतला आणि का, ते मला ऐकायचंय.

आईबाबांना नमस्कार, मनूला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ